तीन वर्षांचा फोन स्लो झालाय : बोर्ड गेला, बॅटरी गेली की कंपनीची चलाखी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२२ च्या दिवाळीत तेरा हजारांना घेतलेला अँड्रॉइड फोन, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज. आता व्हॉट्सअ‍ॅप उघडायलाही वेळ लागतो, किराणा दुकानात पेमेंट करताना स्क्रीन अडकते, चार्जिंग दुपारपर्यंत जेमतेम पुरतं आणि ३० टक्के दिसत असताना फोन बंद पडतो. गेल्या अपडेटनंतर त्रास वाढला. जवळचा दुकानदार म्हणाला, ‘बोर्ड वीक झालाय, नवा घ्या.’ विचारणाऱ्यांना शंका आहे की कंपन्याच अपडेट पाठवून जुने फोन मारतात. नवा घेतलाच, तर हा आईला द्यायचा विचार आहे.

मोबाइल रिपेअरिंग हाच माझा धंदा आहे, त्यामुळे हे वर्णन ऐकून अंदाज लगेच येतो. पण आधी त्या ‘बोर्ड वीक’बद्दल. बोर्ड म्हणजे फोनच्या आतली मुख्य सर्किटची पाटी. बोर्ड वीक वगैरे काही होत नाही. बोर्डावर एखादा आयसी, म्हणजे चिप, जातो, शॉर्ट होतो, पाण्याने गंज धरतो, पडल्यावर सोल्डर सुटतो. त्यातलं नेमकं काय झालंय ते मल्टीमीटर लावून सांगता येतं. जो मीटर न लावता ‘वीक’ म्हणतो त्याला एकतर फोन उघडायचा कंटाळा आहे किंवा शोकेसमधला नवा विकायचा आहे. आणि तुमच्या फोनला एकच आजार नाही, दोन आहेत. त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, पण एकाच वेळी आल्यामुळे फोन म्हातारा झाल्यासारखा वाटतो.

पहिला आजार बॅटरीचा. ३० टक्क्यांवर फोन बंद पडणं ही त्याची अगदी ठळक खूण. लिथियम बॅटरी जुनी होते तेव्हा तिच्यात दोन बदल होतात. साठवण कमी होते, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरा बदल फारसा कुणी सांगत नाही: बॅटरीचा आतला रोध वाढतो. म्हणजे थोडा थोडा करंट ती व्यवस्थित देते, पण फोनने एकदम जास्त मागितला की तिचा व्होल्टेज कोसळतो. टेबलावर हे डोळ्यांनी दिसतं. फोन ३५ टक्के दाखवतोय, बॅटरीच्या टोकांवर मीटर ३.७ व्होल्टच्या आसपास आहे. कॅमेरा उघडायचा, फ्लॅश चालू ठेवून व्हिडिओ सुरू करायचा. आकडा झपकन ३.३ कडे घसरतो आणि स्क्रीन काळी. कॅमेरा बंद झाला, भार गेला, की मीटर पुन्हा हळूहळू वर चढतो. म्हणून तर असा बंद पडलेला फोन चार्जरला लावताक्षणी २५-३० टक्के दाखवतो. चार्ज होता, पण लागेल त्या वेगाने देण्याची ताकद बॅटरीत उरली नव्हती.

याच फोनची बॅटरी काढून बोर्डाला डीसी पॉवर सप्लायवरून करंट दिला आणि तोच कॅमेरा, तोच फ्लॅश न अडखळता चालला, तर बोर्ड ठणठणीत आहे. दहा मिनिटांचं काम आहे हे. दुकानदाराला नुसतं विचारा, ‘सप्लायवर लावून बघितलंत का?’ उत्तर ऐकून पुढे कुठे जायचं ते ठरवता येईल.

घरच्या घरी तपासायचं असेल तर ४० टक्क्यांवर टॉर्चसह व्हिडिओ सुरू करून पाहा. आकडा ४० वरून थेट २९ वर उडी मारत असेल तर निदान झालं. मागचं कव्हर कडेने उचललं गेलंय का, स्क्रीनच्या एका बाजूने प्रकाशाची फट दिसते का, तेही बघा. तसं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. मग चार्जिंग बंद, दाबून बसवायचा प्रयत्न बंद, आणि उशीखाली ठेवून झोपणं तर नकोच.

दुसरा आजार स्टोरेजचा, आणि माझ्या मते तुमच्या वैतागाचं मूळ जास्त करून तिथेच आहे. ६४ जीबीच्या फोनमध्ये सिस्टीम आणि कंपनीने आधीच भरून दिलेली अ‍ॅप्स मोठा वाटा खातात. तुमच्या वाट्याला साधारण चाळीस-पंचेचाळीस जीबी येतं. तीन वर्षं कौटुंबिक ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, रोजचे सुप्रभात आणि वाढदिवसांचे व्हिडिओ, इतकं झाल्यावर फोन काठोकाठ भरतो. लोकांना वाटतं, भरला तर भरला, नवा फोटो बसणार नाही एवढंच. तसं नाही. फोनच्या मेमरीत लिहिलेल्यावर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी एक अख्खा ब्लॉक पुसावा लागतो आणि त्यातलं कामाचं सामान दुसरीकडे हलवावं लागतं. रिकामी जागा भरपूर असेल तर हे काम फोन मागच्या मागे उरकतो. जागाच नसेल तर तुम्ही बोट लावल्यावर हलवाहलव सुरू होते आणि तोपर्यंत अ‍ॅप थांबून राहतं. दहा बाय दहाच्या खोलीत पाहुणे झोपलेले असताना कपाट सरकवण्यासारखं आहे ते.

त्यात स्वस्त फोनमध्ये बहुतेक वेळा ईएमएमसी प्रकारची मेमरी असते. ती एका वेळी वाचते किंवा लिहिते, दोन्ही एकदम करत नाही. जरा वरच्या फोनमध्ये यूएफएस असते, ती दोन्ही एकाच वेळी करते आणि कितीतरी वेगवान असते. म्हणून मागे चार अ‍ॅप्स अपडेट होत असताना तुमचा फोन पेमेंटचं पान उघडत नाही आणि शेजाऱ्याचा उघडतो. रॅम दोघांची सारखी असूनही.

आता एक सेटिंग जरूर बघा. बऱ्याच कंपन्या ‘४ जीबी + ४ जीबी’ असं लिहून रॅम वाढवून देतात. कुठे त्याला रॅम प्लस म्हणतात, कुठे मेमरी एक्स्टेन्शन, कुठे एक्स्टेंडेड रॅम. ही खरी रॅम नव्हे. स्टोरेजचाच एक तुकडा बाजूला काढून रॅम म्हणून वापरला जातो. स्टोरेज वेगवान आणि मोकळं असेल तर ठीक. पण तुमच्यासारख्या भरलेल्या, धीम्या स्टोरेजवर ते सतत लिहीत-पुसत राहतं आणि वर चार जीबी जागाही अडवतं. बंद करा आणि फोन रीस्टार्ट करा. काहींना तेवढ्यानेच फरक जाणवतो.

मग व्हॉट्सअ‍ॅप. सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज. तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइल्स असे दोन वेगळे गठ्ठे करून दिलेले असतात. दुसरा गठ्ठा तर डोळे मिटून उडवावा. फोटो आपोआप डाउनलोड होणं बंद करा. एक गोष्ट मात्र फार जणांच्या लक्षात येत नाही: व्हॉट्सअ‍ॅप फोनमध्येच रोजचा बॅकअप ठेवतं आणि गेल्या काही दिवसांच्या जुन्या प्रतीही राखून ठेवतं. चॅटची फाइल मोठी असेल तर त्या प्रतींचा ढीग केवढा होईल, हिशेब करा. फाइल मॅनेजरमध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरमधलं ‘डेटाबेसेस’ उघडलं की तारखेसकट दिसतात. ताजी ठेवून बाकीच्या काढता येतात. फोटो पेन ड्राइव्हवर किंवा कॉम्प्युटरवर हलवा. निदान पंधरा जीबी मोकळे झाल्याशिवाय ‘फोन स्लो आहे’ यावर मत बनवू नका.

रॅम क्लीनर, बूस्टर, बॅटरी सेव्हर नावाची अ‍ॅप्स असतील तर ती आधी काढा. ती चालू अ‍ॅप्स मारतात, अँड्रॉइड ती पुन्हा उठवतं, आणि या मारामारीत चार्जिंग जातं. वर जाहिराती दाखवतात ते वेगळंच.

आता मुख्य तक्रार: कंपन्या मुद्दाम करतात का? लोक हे बोलतात त्याला आधार आहे. जानेवारी २०१७ मध्ये अ‍ॅपलने आयओएस १०.२.१ दिलं आणि बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा प्रोसेसर गुपचूप मंद केला. कारण वर सांगितलं तेच, व्होल्टेज कोसळून फोन अचानक बंद पडू नये. तांत्रिकदृष्ट्या उपाय चुकीचा नव्हता. पण गिऱ्हाइकाला सांगितलंच नाही की बाबा रे, बॅटरी बदल, फोन पुन्हा पळेल. लोकांनी नवे फोन घेतले. डिसेंबर २०१७ मध्ये बोंबाबोंब झाल्यावर कंपनीने कबूल केलं, माफी मागितली, अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला आणि पुढे आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची तब्येत दाखवायला सुरुवात केली. फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला. इटलीने २०१८ मध्येच अ‍ॅपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरोंचा दंड ठोकला होता. सॅमसंगचं प्रकरण नोट ४ चं होतं. नव्या अँड्रॉइडचं वजन त्या फोनला झेपलं नाही, तरी तो अपडेट घ्यायला लोकांना उद्युक्त केलं गेलं.

तेव्हा संशय घेणं चूक नाही. तरीही माझ्या टेबलावर येणाऱ्या तेरा-पंधरा हजारांच्या फोनबद्दल मी म्हणेन की, गळचेपी अपडेटमध्ये होत नाही, ती दुकानात फोन विकतानाच होऊन गेलेली असते. खोक्यावर ५० मेगापिक्सेल मोठ्या अक्षरात, ५००० एमएएच मोठ्या अक्षरात, ‘८ जीबीपर्यंत रॅम’ मोठ्या अक्षरात, आणि स्टोरेज ईएमएमसी आहे की यूएफएस ते कुठेच नाही. ४ जीबी आणि ६४ जीबीचा फोन २०२२ मध्येच काठावर पास होता. तो पहिल्या वर्षी चांगला चालला, कारण रिकामा होता. नंतर अ‍ॅप्स जड होत गेली. बँकेचं अ‍ॅप, पेमेंटचं अ‍ॅप, रेल्वेचं अ‍ॅप, सगळ्यांचं वजन दरवर्षी वाढतं, आणि त्यात फोनच्या कंपनीचा हात नसतो. कंपनीचा हात असतो तो लॉक स्क्रीनवर जाहिराती घुसवण्यात आणि न मागता अ‍ॅप्स टाकण्यात. त्याबद्दल मात्र जितक्या शिव्या घालाल तितक्या कमी आहेत. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर पुन्हा जाहिरात का बघायची? सेटिंग्जमध्ये ‘रेकमेंडेशन्स’ किंवा ‘लॉक स्क्रीन स्टोरीज’ अशा नावांखाली ते बंद करता येतं. मुद्दाम आडवाटेला ठेवलेलं असतं, पण सापडतं.

अपडेटनंतर दोन दिवस फोन गरम होणं, चार्जिंग उतरणं हे साहजिक आहे. सगळी अ‍ॅप्स नव्या सिस्टीमसाठी पुन्हा बांधली जातात, फोटोंची यादी नव्याने होते. रात्रभर चार्जरला लावून वायफायवर ठेवा. आठवड्याने तसंच राहिलं तर मग चौकशी करा. आणि सुरक्षेचे अपडेट टाळू नका. ज्या फोनवरून पैसे जातात-येतात त्याला ते हवेतच.

बॅटरी बदलायची ठरवली तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला भाव विचारा. या वर्गातल्या फोनची बॅटरी मजुरीसकट साधारण हजार ते दोन हजारांत होते आणि बाहेरच्यापेक्षा फार महाग पडत नाही. तिथली अडचण अशी की, काही ठिकाणी डेटा पुसण्याची अट घालतात, आणि ‘बॅक पॅनल तुटलं तर आमची जबाबदारी नाही’ अशा कागदावर सही मागतात. सही करण्याआधी जॉब शीटवर, म्हणजे फोन जमा केल्याच्या कागदावर, फोनची आत्ताची अवस्था लिहून घ्या. छोट्या गावात सेंटर नसतं, तिथे बाहेरचा कारागीरच. त्याच्याकडे बॅटरी हातात घेऊन बघा. बॅटरीवर मॉडेल नंबर, व्होल्टेज, एमएएच, उत्पादनाचा महिना आणि भारतीय मानक आयएस १६०४६ चा उल्लेख असतो. लेबलवर ५००० च्या जागी ‘६०००’ लिहिलंय आणि आकार तोच, तर ती कॉपी आहे. त्याच मापात हजार एमएएच जास्त कुठून आले? जुनी आणि नवी दोन्ही तळहातावर तोलून पाहा. लक्षात येण्याइतकी हलकी असेल तर परत करा. दीड-दोन वर्षं पडून राहिलेली बॅटरीही नको, ती न वापरता म्हातारी होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि दिल्लीच्या गफ्फार मार्केटमध्ये सगळ्या दर्जाचा माल मिळतो, त्यामुळे ‘ओरिजिनल’ हा शब्द ऐकून खूश होऊ नका. सहा महिन्यांची गॅरंटी पावतीवर लिहून मागा. जो लिहून देतो तो माल बघून भरतो.

काम चालू असताना समोर उभं राहायला हरकत नाही. मागचं पॅनल हीट प्लेटवर किंवा गरम हवेने सैल करायचं, पातळ कार्डाने कडा सोडवायच्या, आणि फोन उघडला की सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा. बॅटरी खाली चिकटवलेली असते. तिच्या कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून थांबायचं आणि मग पट्टी ओढायची. कुणी स्क्रूड्रायव्हरने उचकटायला लागला तर तिथल्या तिथे थांबवा. सेलला भोक पडलं की आग लागू शकते.

फोन कुणाच्याही हातात देताना स्क्रीन लॉकचा पिन सांगू नका. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये मेंटेनन्स मोड आणि गूगलच्या पिक्सेलमध्ये रिपेअर मोड आहे. तो लावला की तुमचे फोटो, मेसेज, अ‍ॅप्स कारागिराला दिसत नाहीत, पण त्याला टेस्टिंग करता येतं. तुमच्या फोनमध्ये तशी सोय नसेल तर सिम काढून घ्या, पेमेंटच्या अ‍ॅपमधून बाहेर पडा. बॅटरी बदलायला पिनची गरजच नसते. आयफोनवाल्यांसाठी एक: बाहेरची बॅटरी टाकली की एक्सएस, एक्सआर आणि त्यापुढच्या मॉडेलांत ‘अनोळखी पार्ट’ची सूचना येते. फोन चालतो, पण विकताना भाव पडतो.

नवी बॅटरी टिकवायची तर उष्णता टाळा, बाकीचं दुय्यम आहे. चंद्रपूर-नागपूरच्या उन्हात गाडीच्या हँडलवर नकाशा चालू ठेवून, पॉवर बँक लावून दिवसभर फिरणारी डिलिव्हरीची मुलं वर्षभरात बॅटरी संपवतात. इलाज नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. निदान फोनवर सावली येईल असं छप्पर लावावं, चार्जिंग थांब्यावर करावं. मोटरसायकलच्या हादऱ्यांनी कॅमेऱ्याचा स्थिरीकरणाचा भाग बिघडू शकतो ते वेगळं. अ‍ॅपलने २०२१ मध्ये तसा इशाराच दिला होता. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असेल तर घरी असताना वापरा, प्रवासाला निघताना खुशाल शंभर करा. रात्रभर चार्जिंगला फार घाबरू नका, उशी-पांघरुणाखाली मात्र ठेवू नका.

चार्जिंग हळू होतं म्हणून फोनची चार्जिंगची पिन बदलायला येणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या पिनमध्ये खिशातला कापूस ठासलेला असतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा, सुई नको. आणि पाण्यात पडलेला फोन तांदळात ठेवू नका. तांदूळ आतलं पाणी ओढत नाहीत, पीठ तेवढं पिनमध्ये जातं.

नवा कधी घ्यावा? डिस्प्ले आणि बॅटरी दोन्ही गेले असतील, एमोलेड स्क्रीनवर हिरवी रेघ आली असेल आणि कंपनी फुकट बदलून देत नसेल, किंवा सुरक्षेचे अपडेट बंद होऊन वर्ष झालं असेल, तर दुरुस्तीत पैसे घालू नका. घेताना कॅमेऱ्याचे आकडे सोडा. १२८ जीबी यूएफएस, ६ जीबी खरी रॅम, आणि अपडेट किती वर्षं मिळणार हे कंपनीच्या वेबसाइटवर लिहिलेलं, एवढं बघा. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ पासून वरच्या फोनना सात वर्षांचं आश्वासन आहे. बरेचसे स्वस्त फोन अजून दोन-चार वर्षांवर अडलेत. युरोपात जून २०२५ पासून नियमच आहे की बॅटरीने ८०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता राखली पाहिजे, आणि त्या मॉडेलची विक्री थांबल्यावर पाच वर्षं अपडेट मिळाले पाहिजेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यावर सर्व्हिस सेंटर आणि वॉरंटीची माहिती मिळते. सक्ती मात्र अजून त्या तोडीची नाही. वॉरंटीत असूनही सेंटर टोलवाटोलवी करत असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. जॉब शीट आणि बिल हाताशी ठेवून फोन करा, त्यांवरचे नंबर मागतात.

राहता राहिला आईंचा प्रश्न. ३० टक्क्यांवर बंद पडणारा फोन त्यांच्या हातात देऊन चालणार नाही. रस्त्यात, दवाखान्यात, रिक्षात फोन बंद पडला तर त्यांची तारांबळ होईल. म्हणजे हा फोन त्यांना द्यायचा असेल तरी बॅटरी बदलावीच लागणार. तो खर्च दोन्हीकडून अटळ आहे. मग तोच आधी करा, व्हॉट्सअ‍ॅपचा कचरा काढा, ती खोटी रॅम बंद करा आणि महिनाभर तुम्हीच वापरून बघा. त्यानंतरही पेमेंटच्या वेळी अडकला तर खुशाल नवा घ्या, हा आईंना द्या. त्यांच्या वापराला तो पुरेल. देण्याआधी अक्षरं मोठी करा आणि त्यांच्या ग्रुपचं ऑटो डाउनलोड बंद करायला विसरू नका, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा ६४ जीबी भरतील.